एकाच मशिनवर चार तापमानं: ड्रायव्हर नेमकं काय सांगतो?

अवली_पेंग्विन

मंडळी, पॅनलवर सीपीयूचं तापमान दाखवणारं एक छोटं विजेट लिहायला घेतलंय. डेस्कटॉप इंटेलचा, त्यावर लिनक्स. 'सेन्सर्स' ही कमांड दिली की हे येतं (कामाच्या ओळी तेवढ्या ठेवल्यात):

एसीपीआयटीझेड
टेम्प१: +२७.८ °से

कोअरटेम्प
पॅकेज आयडी ०: +४६.० °से
कोअर ०: +४४.० °से
कोअर १: +४६.० °से

एनव्हीएमई
कॉम्पोझिट: +३८.९ °से

एनसीटी६७७९
सिसटिन: +३४.० °से
सीपीयूटिन: +४१.५ °से
ऑक्सटिन०: −१२८.० °से

पहिल्या ओळीतला २७.८ ढिम्म हलत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करायला लावला, सगळे कोअर तापले, पंखे बोंबलायला लागले, तरी २७.८. ऑक्सटिन० उणे १२८ म्हणतोय, म्हणजे अंटार्क्टिका मागे पडलं. आणि सीपीयूचे आकडे दोन: कोअरटेम्पचा ४६, सीपीयूटिनचा ४१.५. यातला खरा कोणता? ड्रायव्हर थापा मारतात का?

रजिस्टर_वाचक

'सेन्सर्स' स्वतः काहीही मोजत नाही, इथून सुरुवात करू. ती फक्त फाइली वाचते. /सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन मध्ये जा. तिथे एचडब्ल्यूमॉन०, एचडब्ल्यूमॉन१ अशा डिरेक्टऱ्या दिसतील. प्रत्येकीत 'नेम' नावाची फाइल असते, त्यात ड्रायव्हर किंवा चिपचं नाव. शेजारी टेम्प१_इनपुट, टेम्प१_लेबल, टेम्प१_मॅक्स, टेम्प१_क्रिट वगैरे. टेम्प१_इनपुट कॅट करून (म्हणजे फाइलीतला मजकूर पडद्यावर आणून) बघा, ४६.० येणार नाही, ४६००० येईल. कर्नलचा दंडक आहे: तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, पूर्णांकात. कर्नलमध्ये अपूर्णांकी गणित टाळतात, म्हणून ही युक्ती. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, पॉवर मायक्रोवॉटमध्ये, पंखा फेरे प्रति मिनिट.

ड्रायव्हरचं काम एवढंच: तुम्ही फाइल वाचलीत की चिपकडे जायचं, कच्चा आकडा आणायचा, त्याचं मिलिअंशात रूपांतर करायचं आणि हातावर ठेवायचं. तुमच्या यादीत चार ड्रायव्हर आहेत, चौघांची आणायची जागा वेगळी, रूपांतराचं सूत्र वेगळं. त्यामुळे 'खरा कोणता' यापेक्षा 'कुठला आकडा कशाचा' असं विचारलंत तर उत्तर मिळेल.

केल्विनकाका

२७.८ माझ्याकडे सोडा. हा आकडा मी इतक्या मदरबोर्डांवर पाहिलाय की आता तो दिसला की हसू येतं.

एसीपीआयटीझेड म्हणजे एसीपीआयचा थर्मल झोन. एसीपीआय म्हणजे बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम. इथे ड्रायव्हर कुठल्याही सेन्सरला हात लावत नाही. तो बायोसमध्ये लिहून ठेवलेली _टीएमपी नावाची मेथड चालवतो आणि ती जे देईल ते घेतो. एसीपीआयच्या नियमाप्रमाणे हे उत्तर केल्विनच्या दशांशात असतं. म्हणजे ३०१ केल्विन असेल तर ३०१०. ड्रायव्हर त्यातून २७३२ वजा करतो: ३०१० − २७३२ = २७८, म्हणजे २७.८ अंश.

आता शेपटीतला .८ बघा. मूळ आकडा नेमका ३०१.० केल्विन आहे. एकदा योगायोग म्हणू. पण काही बोर्डांवर कायम २९.८ दिसतं, तो ३०३.० केल्विन. काहींवर १६.८, तो २९०.० केल्विन. बायोस लिहिणाऱ्याने मेथडमध्ये चक्क एक गोल आकडा लिहून मोकळं केलंय: 'विचारलं तर हे सांग'. डेस्कटॉप बोर्डावर थर्मल झोन असायला हवा म्हणून ठेवलेला, मागे सेन्सर नाही. ड्रायव्हर बिचारा प्रामाणिकपणे वजाबाकी करून तुमच्यापर्यंत पोचवतो. थाप बायोसची आहे, ड्रायव्हर निरोप्या.

तुमच्या एनव्हीएमईचा ३८.९ही असाच शेपटीवरून ओळखता येतो. एनव्हीएमई ड्राइव्ह (एसएसडी) आपल्या स्मार्ट लॉगमध्ये, म्हणजे तब्येतीच्या नोंदीत, तापमान पूर्ण केल्विनमध्ये देते. ड्रायव्हर २७३.१५ वजा करतो. ३१२ − २७३.१५ = ३८.८५, आणि 'सेन्सर्स' एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवते म्हणून ३८.९. दिवसभर बघत बसा, ३७.९, ३८.९, ३९.९ असंच दिसेल, ३८.४ कधी येणार नाही. पण इथला आकडा खरा आहे, ड्राइव्ह वापरली की हलतो. कर्नल ५.५ पासून, म्हणजे २०२० च्या सुरुवातीपासून, हे आपोआप दिसायला लागलं. आधी वेगळं टूल लागायचं आणि तेही रूट होऊन.

बाइटभर

जबरदस्त! वाचनखूण साठवली. मग एसीपीआयटीझेड सरसकट कचऱ्यात टाकायचं का?

केल्विनकाका

नाही नाही. लॅपटॉपवर बहुधा त्याच मेथडमागे एम्बेडेड कंट्रोलर (बोर्डावरची छोटी देखरेख करणारी चिप) असतो आणि आकडा खराखुरा असतो. पंखा कधी लावायचा, मशिन कधी बंद करायचं हे तिथे त्यावरच ठरतं. ओळखायचं सोपं आहे. लोड टाका, आकडा हलला तर जिवंत.

एक गंमत राहिली. काही बायोसवाले सेल्सिअसचं केल्विन करताना २७३२ मिळवतात, काही २७३१. दशांशाच्या एककात २७३१.५ बसत नाही, म्हणून हा घोळ. ड्रायव्हरला कसं कळणार कोणी काय मिळवलंय? तो क्रिटिकल तापमान बघतो. बायोस लिहिणारा माणूस क्रिटिकल आकडा १००, १०५ असा पाचाच्या पटीतच ठेवणार, हा अंदाज. १०० अंशाचे ३७३२ आले तर समोरच्याने २७३२ धरलेत, ३७३१ आले तर २७३१. पाचाने भागून बाकी १ उरली तर २७३१ वजा करायचे, नाहीतर २७३२. माणसाच्या सवयीवरून बाकी काढणारा कोड कर्नलमध्ये आहे, हे मला फार आवडतं.

रजिस्टर_वाचक

आता कोअरटेम्प. विजेटसाठी हाच लागणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंटेलच्या प्रत्येक कोअरमध्ये डिजिटल थर्मल सेन्सर असतो. तो तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत, ते अंतर सांगतो. ही मर्यादा म्हणजे टीजेमॅक्स. अंतर एमएसआर (सीपीयूच्या आतलं खास रजिस्टर) हेक्स १९सी मध्ये (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा), १६ ते २२ या बिटांत असतं. टीजेमॅक्स हेक्स १ए२ मध्ये, १६ ते २३ बिटांत. समजा टीजेमॅक्स १०० आणि अंतराचे बिट ०११०११०, म्हणजे ५४. ड्रायव्हर म्हणतो १०० − ५४ = ४६, त्याला हजाराने गुणलं की ४६०००. तुमचा पॅकेजचा आकडा असाच येतो, फक्त रजिस्टर वेगळं, हेक्स १बी१.

यातून बऱ्याच गोष्टी निघतात.

एक म्हणजे इथे एका अंशाखालचं काही नाही. ४६.० मधला .० शोभेचा.

दुसरं, मोजमाप मर्यादेच्या जवळ भरवशाचं आणि खाली जावं तसं सैल. इंटेलने हा सेन्सर सीपीयू जळू नये म्हणून बसवलाय, थंड असताना खोलीचं हवामान सांगायला नाही. आयडल असताना एक कोअर ३१ आणि शेजारचा ३६ दाखवत असेल तर पेस्ट नीट लागली नाही म्हणून कूलर उचकटायला जाऊ नका. आधी लोडखाली बघा.

तिसरं, टीजेमॅक्स चुकला तर सगळे कोअर एकाच फरकाने चुकतात. जुन्या मॉडेलांत हेक्स १ए२ वाचता येत नाही. तिथे ड्रायव्हर मॉडेल बघून ठरलेला आकडा धरतो, साधारण १००, काही लॅपटॉपच्या चिपांना ८५. धरलेला आकडा चुकीचा निघाला तर १५ अंशांचा फरक, तोही चोवीस तास.

आणि विजेटवाल्यांसाठी: हा ड्रायव्हर आणलेला आकडा सेकंदभर जपून ठेवतो. त्याच्या आत पुन्हा विचारलंत तर तोच हातावर ठेवतो. सेकंदाला दहा वेळा फाइल वाचून आलेख काही गुळगुळीत होत नाही.

शून्यवादी

त्या रजिस्टरात ३१ वा बिट 'वाचन वैध आहे' सांगणारा असतो ना? तो शून्य असेल तर ड्रायव्हर काय करतो?

रजिस्टर_वाचक

बरोबर पकडलंत. पूर्वी बिट शून्य असला की ड्रायव्हर 'पुन्हा विचारा' अर्थाची त्रुटी परत करायचा. हल्लीच्या कर्नलमध्ये तो या बिटाकडे बघतच नाही. कोडमध्ये टिप्पणी आहे की बिट शून्य असताना रजिस्टरातला आकडा लहान किंवा शून्य दिसलेला आहे, तेव्हा त्रुटी देऊन कोणाचं भलं होत नाही, आहे तो आकडा देऊन टाका.

शून्यवादी

हे मला पटत नाही. अंतर शून्य म्हणजे तापमान थेट टीजेमॅक्स. वैध नसलेलं वाचन १०० अंश म्हणून पुढे गेलं तर वरची स्क्रिप्ट पंखे भन्नाट सोडेल, नाहीतर मशिन बंद करेल. माहीत नाही तर माहीत नाही म्हणावं. हजार वेळा त्रुटी आलेली परवडली.

रजिस्टर_वाचक

तत्त्व म्हणून मान्य. पण व्यवहारात त्रुटी आली की अर्ध्या स्क्रिप्टा ती शून्य अंश समजतात आणि पंखे थांबवतात. चुकायचंच असेल तर गरम बाजूला चुकलेलं बरं, असा त्यामागचा विचार मी लावतो. मशिन जळण्याची भीती मात्र दोन्हीकडे नाही. मर्यादा गाठली की सीपीयू स्वतःच वेग कमी करतो, त्याही पुढे गेलं तर हार्डवेअर वीज तोडतं. त्या साखळीत ड्रायव्हर नाहीच. कर्नल गोठला असला तरी ती चालते.

काटेरी_मासा

ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या दुसऱ्या सिस्टिमकडे हे वेगळ्या पद्धतीने सोडवलंय. तिथे सेन्सरच्या रचनेत आकड्याशेजारी झेंडे असतात: एक 'अवैध', एक 'मूल्य अज्ञात'. ड्रायव्हरला वाचता आलं नाही तर तो झेंडा लावतो, वरच्या प्रोग्रामला आकड्यावरून अंदाज बांधावा लागत नाही. शिवाय ठीक, इशारा, गंभीर अशी स्थितीही देता येते. 'सिस्कटल' कमांडने एचडब्ल्यू.सेन्सर्स बघा, सगळं एका जागी.

आणि आतलं एकक मायक्रोकेल्विन! २५ अंश म्हणजे २९,८१,५०,०००. पहिल्यांदा बघितलं की डोळे फिरतात, पण आकडा कधी ऋण होत नाही. नेटबीएसडीही मायक्रोकेल्विनच वापरतं. फ्रीबीएसडी केल्विनच्या दशांशात, म्हणजे एसीपीआयसारखं.

निळा_पडदा

विंडोजवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून एवढंच: डब्ल्यूएमआयमधला (विंडोजला मशिनची माहिती विचारायची सोय) एमएसएसीपीआय_थर्मलझोनटेम्परेचर हा क्लास लोक सीपीयूचं तापमान म्हणून वापरतात. तोही एसीपीआयचाच झोन, केल्विनच्या दशांशात. काकांनी सांगितलेली २७.८ ची भानगड तिथेही जशीच्या तशी. कोअरचा आकडा हवा असेल तर एमएसआर वाचावं लागतं आणि ते कर्नलमधल्या ड्रायव्हरशिवाय होत नाही, म्हणून तापमान दाखवणारं प्रत्येक टूल स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येतं.

मुकावाचक

नेहमी नुसता वाचतो, आज विचारतोच. माझ्या रास्पबेरी पाय ४ वर थर्मल_झोन० मधली टेम्प फाइल ४८६८६ देते. म्हणजे ४८.६८६. हजाराव्या भागापर्यंत अचूक? इतका भारी सेन्सर त्या एवढ्याशा बोर्डावर?

केल्विनकाका

थोडा वेळ बघत बसा आणि येणारे वेगवेगळे आकडे लिहून काढा.

मुकावाचक

४८१९९, ४८६८६, ४९१७३, ४९६६०. हेच आलटून पालटून.

केल्विनकाका

वजाबाक्या करा. प्रत्येक वेळी ४८७. त्या चिपसाठी सूत्र असं: ४१००४० मधून ४८७ गुणिले रजिस्टरातला आकडा वजा. तुमचा ४८६८६ म्हणजे रजिस्टरात ७४२ होते. ४८७ × ७४२ = ३,६१,३५४, ते ४१००४० मधून गेले की ४८६८६. रजिस्टर एकाने कमी झालं की तापमान ४८७ मिलिअंशांनी वाढलेलं दिसतं. म्हणजे सेन्सरची पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची आहे आणि शेवटचे दोन अंक गुणाकाराने आलेत. हे दोन्ही स्थिरांक डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) लिहिलेले असतात, ड्रायव्हर तिथून उचलतो.

मुकावाचक

अरेच्चा. धन्यवाद काका.

अवली_पेंग्विन

धागा भरकटला तरी भरकटू दे, मजा येतेय. पण माझा उणे १२८ राहिला. आणि सीपीयूटिन?

रजिस्टर_वाचक

ते दोन्ही एनसीटी६७७९ चे, म्हणजे मदरबोर्डावरच्या सुपर आय/ओ चिपचे (पंखे, तापमान, व्होल्टेज बघणारी चिप). चिपला तापमानाच्या बऱ्याच पिना असतात. बोर्ड बनवणारा त्यातल्या हव्या तेवढ्या वापरतो, बाकीच्या अधांतरी. ड्रायव्हरला पिनेला पलीकडे काही जोडलंय की नाही हे दिसत नाही, त्याला रजिस्टर दिसतं. आठ बिटांत मावणारा सगळ्यात लहान चिन्हांकित आकडा −१२८, सगळ्यात मोठा १२७. यातला कुठलाही कायम दिसत असेल तर पीन मोकळी आहे असं धरून चाला. /ईटीसी/सेन्सर्स.डी मध्ये एक छोटी फाइल करून त्या चिपखाली 'इग्नोर' आणि टेम्पचा क्रमांक लिहा, ओळ गायब.

सीपीयूटिन म्हणजे बहुधा सॉकेटच्या आसपास बसवलेला थर्मिस्टर किंवा डायोड. तो सिलिकॉनपासून लांब, म्हणून कोअरटेम्पपेक्षा कमी दाखवतो आणि उशिरा हलतो. काही चिपांत टेम्प१_टाइप फाइलही असते: ३ म्हणजे थर्मल डायोड, ४ म्हणजे थर्मिस्टर, ६ म्हणजे इंटेलचं पेकी (सीपीयूकडूनच तापमान मागवायची सोय). ती चुकीची लागली असेल तर आकडा पार बिनसतो, कारण डायोड आणि थर्मिस्टर यांचं वळण वेगळं.

विजेटमध्ये पॅकेज आयडी ० घ्या.

जाता जाता: टेम्प१_मॅक्स लिहिता येत असेल तर तिथेही मिलिअंशच. ८० अंशाची मर्यादा म्हणून नुसतं ८० इको केलंत तर ती ०.०८ अंश होते आणि अलार्मची फाइल लगेच १ दाखवायला लागते.

शून्यवादी

एएमडीवाल्यांचं दुःख कोणी मांडलं नाही म्हणून मी मांडतो. के१०टेम्प ड्रायव्हर 'टीसीटीएल' दाखवतो. कर्नलच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय की हे खऱ्या वस्तूचं तापमान नव्हे, पंखे चालवण्यासाठी ठरवलेल्या मनमानी मापावरचा आकडा. २०१७ साली पहिले रायझन आले तेव्हा १८००एक्स आणि १७००एक्स वर तो प्रत्यक्षापेक्षा २० अंश जास्त ठेवला होता, पंख्यांचं धोरण सगळ्या मॉडेलांना सारखं चालावं म्हणून. थ्रेडरिपर १९५०एक्स ला २७, २७००एक्स ला १०. लोक कूलर बदलत सुटले होते.

मग ड्रायव्हरमध्ये मॉडेलच्या नावांचा तक्ता घातला. प्रोसेसरच्या नावात '१८००एक्स' सापडलं की २० वजा करून 'टीडाय' अशी वेगळी ओळ दाखवायची. तक्त्यात नसलेल्यांना फक्त टीसीटीएल. माझं म्हणणं, हे ड्रायव्हरचं काम नाही. चिप जे सांगते ते सांगा, वजाबाकी वरच्या कॉन्फिग फाइलला करू द्या. तिथे आकड्याचं सूत्र लिहायला 'कम्प्यूट' आहे की त्यासाठी.

केल्विनकाका

मदरबोर्डाच्या व्होल्टेजला हा नियम मी मान्य करतो. तिथे चिपबाहेर कुठले रोधक लावलेत हे बोर्डागणिक बदलतं, ड्रायव्हरला ते कळायचा मार्ग नाही. पण इथे २० हा आकडा त्याच सीपीयूचा गुण आहे, बनवणाऱ्याने जाहीर केलेला. तो प्रत्येकाने आपापल्या फाइलीत लिहायचा? आणि मूळ टीसीटीएल त्यांनी लपवलेला नाही, दोन्ही ओळी देतात. ज्याला पंखा चालवायचाय त्याने टीसीटीएल घ्यावा, ज्याला चिप किती तापलीय ते हवंय त्याने टीडाय.

शिवाय रूपांतर तर तसंही ड्रायव्हरच करतो. झेनच्या (रायझनच्या आतल्या रचनेच्या) रजिस्टरात वरचे ११ बिट, एक पायरी ०.१२५ अंशाची, आणि बाजूचा एक बिट चढलेला असेल तर ४९ अंश वजा. तो ४९ चालतो आणि २० चालत नाही?

शून्यवादी

४९ रजिस्टरच्या मापाचा भाग आहे, बिट स्वतः सांगतो की मोजपट्टी सरकवलीय. २० साठी नावात अक्षरं शोधावी लागतात. नवा प्रोसेसर आला की तक्ता जुना. असो, आपण दोघं यावर एकमत होणार नाही.

केल्विनकाका

होऊ नयेच. :)

अवली_पेंग्विन

विजेट चालू झालं! पण आज कर्नल अपडेट करून रीबूट केलं तर सीपीयू ३७.८५ वर स्थिर. शेपटी बघितली आणि कळलं, हा एनव्हीएमई बोलतोय. कोडमध्ये एचडब्ल्यूमॉन२ असा थेट मार्ग लिहिला होता.

रजिस्टर_वाचक

ते क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होतात त्या क्रमाने पडतात. कायमचे नसतात. सगळ्या डिरेक्टऱ्यांतली 'नेम' वाचा, जिथे कोअरटेम्प असेल ती घ्या. मग टेम्पचा क्रमांकही गृहीत धरू नका, लेबल वाचून 'पॅकेज आयडी ०' शोधा. नव्या संकरित इंटेलांवर कोअरची लेबलं ०, ४, ८, १२ अशी उड्या मारत जातात.

विजेटमध्ये चुकीचा आकडा दिसला, ठीक आहे. हाच प्रकार पंख्याच्या स्क्रिप्टमध्ये झाला तर डिस्कच्या तापमानावर सीपीयूचा पंखा चालतो. म्हणून फॅनकंट्रोल ही पंख्यांची तयार स्क्रिप्ट आपल्या कॉन्फिगमध्ये उपकरणाचा मार्ग आणि नाव दोन्ही लिहून ठेवते आणि जुळलं नाही तर सुरूच होत नाही. लोक त्यावर चिडतात.

बाइटभर

डिस्कवरून आठवलं, साटा डिस्कचं तापमान याच यादीत येतं का?

रजिस्टर_वाचक

ड्राइव्हटेम्प मॉड्यूल लोड करा, कर्नल ५.६ पासून आहे. मात्र काही हार्ड डिस्कांवर तापमान विचारलं की झोपी जाण्याचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, हे त्याच्या कागदपत्रांतच नोंदवलंय. दर मिनिटाला विचारत राहिलात तर डिस्क कधी थांबणार नाही.

सोल्डरसखी

इतके जाणकार एकत्र आहेत तर माझंही बघा ना. सिंगल बोर्ड कंप्युटरच्या आयस्क्वेअरसीवर (चिपा जोडायची दोन तारांची बस) एलएम७५ हा तापमानाचा सेन्सर डकवलाय, पत्ता हेक्स ४८. तयार ड्रायव्हर आहे हे माहीत आहे, पण शिकायचं म्हणून स्वतः लिहितेय. एसएमबसच्या (त्याच बसवरचे बोलायचे नियम) रीड वर्डने, म्हणजे दोन बाइट एकदम, रजिस्टर ० वाचते, २५६ ने भागते. खोलीत २५ अंश असताना ०.१ आणि −१२७.९ यांच्यात उड्या. मधलं काहीच नाही. सोल्डर कच्चं असेल?

रजिस्टर_वाचक

सोल्डर उत्तम आहे, हात लावू नका. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

एलएम७५ वरचा बाइट आधी पाठवतो. एसएमबसचा वर्ड मात्र खालचा बाइट आधी धरतो. दोन बाइटांची अदलाबदल झाली. २५.० अंश म्हणजे हेक्स १९००. उलटा झाला की ००१९, म्हणजे दशमान २५. त्याला २५६ ने भागलं की ०.०९७. हा तुमचा ०.१. सेन्सरची पायरी अर्ध्या अंशाची, त्यामुळे पुढचा आकडा २५.५, म्हणजे १९८०. उलटा ८०१९. वरचा बिट चढला, आकडा ऋण झाला: −३२७४३ भागिले २५६, −१२७.९. तुमची खोली २५ आणि २५.५ च्या मध्ये आहे, एवढंच.

कर्नलमध्ये रीड वर्ड स्वॅप्ड नावाचं फंक्शन यासाठीच आहे.

सोल्डरसखी

बसलं! २५.५ दिसतंय. अर्ध्या अंशाने हलतंय. मग हौसेने सेन्सर फ्रीजरमध्ये ठेवला. २३८ अंश. :(

केल्विनकाका

फ्रीजर उत्तम चाललाय, −१८ वर. २५६ मधून १८ गेले की २३८. बदल करताना तुम्ही वर्ड चिन्हविरहित १६ बिटांत ठेवलाय. हेक्स ईई०० ला चिन्हांकित म्हणून वाचा: −४६०८. हजाराने गुणा, २५६ ने भागा: −१८०००. आधी गुणाकार, मग भागाकार, उलट केलंत तर अर्धा अंश गळून पडेल. आणि आठ घरं उजवीकडे सरकवून फक्त वरचा बाइट घेतलात तरी तेच होईल.

रजिस्टर_वाचक

काकांच्या म्हणण्यात एक भर. वाचणाऱ्या फंक्शनचं उत्तर थेट १६ बिटांच्या चलात घेऊ नका. ते फंक्शन बिघाड झाला तर ऋण त्रुटी-क्रमांक परत देतं. आधी साध्या इंटमध्ये घ्या, शून्यापेक्षा लहान आहे का तपासा, असेल तर तीच त्रुटी जशीच्या तशी वर पाठवा. नंतर चिन्हांकित १६ बिटांत ओता. हे केलं नाहीत तर त्रुटी −६ हे तापमान समजलं जाईल: −६ गुणिले १०००, भागिले २५६, म्हणजे −०.०२३. सेन्सर तुटून पडलेला असेल आणि पडद्यावर शून्य अंश. −१२८ निदान डोळ्यात भरतो, शून्य भरत नाही.

शून्यवादी

आत्ता कसं बोललात. वरती वैध बिटाच्या वेळी मी हेच म्हणत होतो.

रजिस्टर_वाचक

तिथे चूक गरम बाजूला जात होती, इथे थंड बाजूला जातेय.

सोल्डरसखी

केलं. फ्रीजरमध्ये −१८.०, दार उघडलं की −१७.५, −१७.०. मग चालू असतानाच डेटाची तार उपटली आणि फाइल कॅट केली. आकडा आलाच नाही, 'नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस' आलं. तार परत खोचली, −१६.५.

आता टेम्प१_मॅक्स लिहायला घेते. क्लॅम्प (लिहिता येणाऱ्या आकड्याची हद्द) −५५ ते १२५ ठेवू ना?

रजिस्टर_वाचक

हो. आणि लिहिताना जवळच्या अर्ध्या अंशावर आणा, नाहीतर लिहिलं ८०४०० आणि वाचलं ८०००० की लोक बग नोंदवतील.